एकोणिसाव्या पानावरची घागर

घरगुती वस्तूंचा जो चित्रसंग्रह महाराजांच्या कारकिर्दीत कोल्हापूर दरबारने छापून घेतला, त्याच्या एकोणिसाव्या पानावर तांब्याची एक घागर आहे. संस्थान विलीन होऊनही आता बरीच वर्षे झाली आणि तो संग्रह फार थोड्या ठिकाणी उरला असेल. पण ज्यांनी ज्यांनी तो चाळला ते त्या पानाशी थांबले. घागरीच्या पोटावर हातोडीचे ठोके असे उठले आहेत की माणूस नकळत कागदावर बोट फिरवतो. एकदा एका पाहुण्या अंमलदाराने बोट फिरवले आणि तांब्याचा वास येतो का म्हणून ते हुंगून पाहिले. सगळे हसले. मीही हसलो.

ते चित्र मी काढलेले आहे आणि ते खोटे आहे. घागरीची उंची बरोबर आहे, गळ्याचा घेर बरोबर आहे, सावली पडते तीही बरोबर बाजूला. फक्त अंगावरचे ठोके तिचे नाहीत. ते दुसऱ्याच घागरीचे आहेत. एवढ्या एका गोष्टीने एक सरळ माणूस चोर ठरला, आणि मला खरे काय ते माहीत असताना मी त्याला चोर ठरू दिले. माझे वय आता ऐंशीच्या घरात आहे. मला कुणाची माफी मागायची नाही, कारण माफी देऊ शकेल असे कुणी उरलेले नाही. जन्मभर ‘जसेच्या तसे काढणारा’ म्हणून मी नाव मिळवले. निदान एवढी एक गोष्ट तरी जशी घडली तशी लिहून ठेवावी, इतकेच.

प्लेगाच्या छावण्या उठून दोन-तीन वर्षे झाली होती. ड्रॉइंगच्या दोन परीक्षा पास होऊन मी दरबारच्या एका कचेरीत चितारी म्हणून लागलो होतो, तोही हंगामी. लांब कुठेतरी मोठे प्रदर्शन भरायचे होते आणि त्यासाठी आपल्या मुलखातल्या रोजच्या वापरातल्या वस्तूंची चित्रे हवी होती. सूप, पाटी, जाते, मोट, घोंगडे, पखाल, वहाणा, समई. आमच्यावर एक वयस्क गृहस्थ होते. पूर्वी शाळेत ड्रॉइंग शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत.

मास्तरांची एक वही होती. तीत चौकोन आखलेले आणि प्रत्येक चौकोनात एकेक पोत भरलेला: लाकडाच्या रेषा, दगडाचे टिपके, वेताची वीण, दोरखंडाचा पीळ, लोकर, कातडे, धातू. वस्तू समोर ठेवून तिचा आकार काढायचा, छाया द्यायची, आणि मग वहीतला योग्य तो चौकोन उघडून आकाराचे पोट भरून टाकायचे, अशी त्यांची रीत.

“आकार तेवढा वस्तूचा,” ते म्हणत. “पोत वहीतला. सुपाची एकेक काडी मोजत बसलास तर प्रदर्शन उठून जाईल, आणि तू सूपच काढत राहशील.”

मला ते पटत नसे. गगनबावड्याकडच्या एका धनगराचे घोंगडे कचेरीत आणले होते. सतत पावसात वापरलेले. त्याची खोळ करून डोक्यावर घेतात, तिथे घडीवर लोकर दाबून दाबून कातड्यासारखी गुळगुळीत झाली होती आणि खाली पायांकडे, गवताला घासून, तिच्या गाठी आल्या होत्या. वहीतली लोकर इथून तिथून सारखी. मी ते घोंगडे चार दिवस काढत बसलो. मास्तर चिडले, पण चित्र पाहून म्हणाले, “बरं दिसतंय. पण दर वेळी हे चालणार नाही.” मला त्या वयात वाटे की पोत म्हणजे त्या वस्तूचा इतिहास आहे, तो वहीतून कसा भरता येईल? असे वाटणारा माणूस पुढे काय करून बसला ते आता सांगतो.

मला जमत नसे ती तांब्याची भांडी. वहीतला धातूचा चौकोन म्हणजे नुसते टिपके. तेव्हा मी तांबट आळीत जाऊ लागलो. तिथे कुणी हळू बोलत नाही. दिवसभराच्या ठणठणाटात निम्मे कान गेलेले असतात. एका दुकानाच्या पायरीवर बसून मी एक घागर काढत होतो, तर आतला तांबट उठून आला आणि माझ्या खांद्यावरून कागद बघू लागला. चाळिशीचा, रुंद छातीचा माणूस. आळीत सगळे त्याला अण्णा म्हणत.

“ह्या घागरीला देवी आल्यात व्हय रं?” तो ओरडून म्हणाला.

समोरच्या दुकानातलेही हसले. माझे टिपके खरोखरच देवीच्या व्रणांसारखे दिसत होते. मी कागद गुंडाळू लागलो तशी त्याने माझे मनगट धरले.

“आता पळतोस कुठं? आत ये. चितारी हायस न्हवं? मग बगायला शीक की.”

मी आत बसलो तो पुढे दोन महिने रोज दुपारी बसत गेलो. भांडे घडवून, सांधून झाले की ते लोखंडी खुंट्यावर चढवून छोट्या, तुळतुळीत हातोडीने सगळ्या अंगावर ठोकून काढतात. त्याला मठारणे म्हणतात. त्याने तांबे कणखर होते आणि चकाकते. मला वाटे, ठोके म्हणजे ठोके. अण्णाने मला शिकवले की प्रत्येक तांबटाचा मठार निराळा असतो, जसे अक्षर निराळे असते. आळीतले बाकीचे लोक बुडापासून गळ्यापर्यंत सरळ कडी फिरवीत जात, न थांबता. अण्णाच्या ओळी किंचित तिरप्या चढत, आणि दर पाच ठोक्यांनंतर ज्वारीच्या दाण्याएवढी जागा मोकळी राही. वरच्या ओळीतला ठोका बरोबर त्या मोकळ्या जागेच्या डोक्यावर बसे. लांबून पाहिले तर सगळ्या पोटावर कणसासारखी नक्षी उठे.

“ही मोकळी जागा कशाला?” मी विचारले.

“माजा बा दम्याचा. पाच ठोकं मारायचा आन दम खायाचा. त्येच्याजवळ बसून शिकलो, तर माजा हात बी थांबायला लागला. मला दमा न्हाय. पर हाताला कोन सांगनार?”

त्याने आपल्या लेकीच्या लग्नात द्यायला एक घागर करून फळीवर ठेवली होती. ती त्याने माझ्यापुढे मांडली. मी ती ठोका न् ठोका मोजून काढली. पूर्ण झाल्यावर त्याने कागद हातात घेतला, उभा-आडवा फिरवला, बोटाने मोजत गेला आणि म्हणाला, “आटव्या वळीत एक ठोका उना हाय.” मी ताडून पाहिले. खरेच एक कमी होता. मी तो घातला. अण्णाने मान हलवली. “आता माजी म्हनायला हरकत न्हाय.” त्या दिवशी मला परीक्षा पास झाल्याच्या दिवसापेक्षा जास्त आनंद झाला होता. तो कागद मी माझ्या वहीत चिकटवला.

संग्रहासाठी एखादी जुनी, घराण्यातली घागर हवी होती. पेठेतल्या एका मोठ्या घरी अशी घागर होती. घरातले वडील पूर्वी कारभारी होते, त्यांना दरबारात मान होता. घागर त्यांच्या सुनेबरोबर बेळगावकडून आलेली, तिच्याही आजीच्या वेळची. मी कागद-पेन्सिल घेऊन गेलो. पण ती देवाच्या पाण्याची घागर होती, सोवळ्यातली. मी शिवणे सोडाच, जवळही जायचे नाही. मला चौकाच्या या टोकाला बसवले, घागर त्या टोकाला. चिंच लावून नुकतीच घासलेली, तिच्यावर थेट ऊन पडलेले. पोटाच्या जागी मला फक्त एक लखलखीत डाग दिसत होता. मापे सुनेने दोऱ्याने घेतली, दोऱ्याला गाठी मारल्या आणि तो लांबून माझ्यापुढे टाकला. आकार आणि सावली उतरवून होते तोच वडील म्हणाले, “झालं का? पूजेचं पाणी भरायचं आहे.”

मी म्हणालो, “झालं.”

कचेरीत येऊन मी अण्णाच्या घागरीचा कागद समोर ठेवला आणि तिचे ठोके या घागरीच्या अंगावर भरले. तिरप्या ओळी, पाच आणि एक मोकळा, आठवी ओळ दुरुस्त केलेली. दोन दिवस लागले. इथे मला प्रामाणिकपणे सांगायला हवे की आपण खोटे करतो आहोत असे मला क्षणभरही वाटले नाही. उलट मी खूश होतो. मास्तरांच्या वहीला नावे ठेवणारा मी, मीही वहीतूनच भरले. फरक एवढाच की वही माझी होती आणि भरलेले जिवंत दिसत होते.

चित्र छापून आले तेव्हा मास्तरांनी ते कचेरीत येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवले. “ठोका न् ठोका मोजून काढलाय पोरानं,” ते सांगत. मी शेजारी उभा असे. मोजून काढले होते हे खरेच होते. कोणत्या घागरीचे, ते कुणी विचारत नव्हते. मला कायम करण्याची शिफारस त्याच पानावरून वर गेली.

त्यानंतर काही महिन्यांनी पेठेतल्या त्या घरची घागर नाहीशी झाली. सकाळी विहिरीच्या कट्ट्यावर होती, दुपारी नव्हती. त्याच आठवड्यात अण्णा त्या घरी गळका बंब दुरुस्त करून आला होता. घरातल्या वडिलांनी फौजदाराला तेवढे सांगितले आणि फौजदार कचेरीत येऊन एकोणिसावे पान घेऊन गेला. चोरी झालेल्या वस्तूचे हुबेहूब चित्र त्याला आयुष्यात पहिल्यांदाच मिळाले होते. तो ते हातात धरून तांबट आळीत दुकानोदुकानी हिंडला. अण्णाच्या फळीवर लेकीची घागर होती. तेवढ्या घागरी सगळीकडचे तांबट जवळजवळ एकाच मापाने करतात, त्यामुळे उंची जुळली, घेर जुळला. मग फौजदाराने ठोके मोजायला घेतले आणि ते आठव्या ओळीसकट जुळले. माझी घागर कोरी आहे, अजून तीत पाणी भरलेले नाही, असे अण्णा सांगत होता. फौजदार म्हणाला, घासून-पुसून जुन्याचे नवे करणे तांबटाला काय कठीण?

ती घागर ओळख पटवायला पेठेतल्या घरी नेली. चित्र काढणारा म्हणून मलाही बरोबर नेले. घरातल्या वडिलांनी घागरीकडे एकदा पाहिले आणि मग बराच वेळ कागदाकडे पाहिले. त्या घरातल्या कुणा पुरुषाने ती घागर कधी हातात धरली नव्हती. आतल्या दाराआडून सून म्हणाली, “ही माजी न्हवं, मामंजी.”

“कागदावर आहे ती अशीच आहे.”

“कागद न्हाय ठावं मला. सात वरसं रोज घासतोय मी तिला. माजीचं ठोकं रुपयाएवडं मोठं हायत, आन पोटावर सपय पट्टा हाय. ह्या असल्या बारीक दान्यात चिंच अडकून बसली असती.”

“आत जा. दरबारच्या कागदापेक्षा तुला जास्त कळतं काय?”

ती गेली. मी तिथे दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. तिचे बोलणे ऐकताना मला चौकातला तो लखलखीत डाग आठवला. तोपर्यंत मी मनात म्हणत होतो, कदाचित या घरची घागरही असल्याच ठोक्यांची असेल, कदाचित त्याने खरेच उचलली असेल. आता तसे म्हणायलाही जागा राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी चावडीत पंच बसले. मास्तर आले होते, कारण कागद कचेरीचा होता. आळीतले दहा-पंधरा तांबट दाराशी उभे होते. अण्णा जमिनीवर बसला होता. मला पाहिले तसा त्याचा चेहरा उजळला. ते मी विसरू शकत नाही. त्याला वाटले, सुटलो.

“आला बगा,” तो फौजदाराला म्हणाला. “ह्येलाच इचारा. माज्या दुकानात बसून काडलीया ही घागर ह्येनं. माज्या लेकीची. दोन म्हैनं येत हुता. चितारी, सांग की रं!”

फौजदाराने मला विचारले, “याच्या दुकानात बसत होतास?”

“बसत होतो.”

“मग हे चित्र कुठलं? याच्या दुकानातल्या घागरीचं, का त्या घरच्या?”

मास्तर माझ्याकडे बघत होते. मला कायम केल्याचा हुकूम आठवड्याभरात यायचा होता. संग्रहाच्या प्रती प्रदर्शनाला गेल्या होत्या. आता हे पान खोटे म्हटले तर बाकीच्या पानांचे काय, असे कुणीतरी विचारणार, हे मला स्पष्ट दिसत होते.

“त्या घरच्या,” मी म्हणालो.

“घागर समोर ठेवून काढलंस?”

“हो. समोर ठेवून.”

“ठोका न् ठोका?”

“ठोका न् ठोका.”

 अण्णाने शिवी दिली असती तर बरे झाले असते. तो नुसता माझ्या तोंडाकडे पाहत राहिला, जसा तो माझ्या कागदाकडे पाहायचा, कुठे काय उणे आहे ते शोधल्यासारखा. पुढे मॅजिस्ट्रेटसमोर मी हेच शपथेवर सांगितले. दुसऱ्या वेळी ते सोपे गेले, हेही लिहून ठेवतो.

त्याला दोन महिन्यांची सक्तमजुरी झाली. लेकीची घागर पेठेतल्या घरी गेली. सुटून आल्यावर आळीतल्या पंचांनी त्याला पंगतीतून उठवले आणि व्यापाऱ्यांनी तांब्याचा पत्रा द्यायचे बंद केले. गिऱ्हाइकाच्या भांड्याला हात लावणारा तांबट म्हणजे सगळ्या आळीचे नाव जाते, असे ते म्हणत, आणि त्यांच्या बाजूने ते बरोबरच होते. लेकीचे ठरलेले लग्न मोडले. तिला नेसरीकडे एका बिजवराला दिली असे मी ऐकले. अण्णा दुकान बंद करून बायकोसह गडहिंग्लजकडे गेला. मी कायम झालो होतो.

तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी तळाला गेले म्हणून पेठेतल्या त्या घरी विहिरीचा गाळ काढला. गाळात घागर सापडली. गळ्यात दोराचा फास तसाच होता. पाणी शेंदताना कुणाच्या तरी हातून दोर सुटला होता आणि देवाची घागर विहिरीत घालवली म्हणून रागावतील या भीतीने ते माणूस गप्प बसले होते. वडिलांनी मला बोलावून घेतले. घागर चौकात ठेवली होती. विहिरीत तीन वर्षे पडलेली घागर आता सोवळ्यातली राहिली नव्हती, त्यामुळे या खेपेला मला जवळ जाऊ दिले. ठोके रुपयाएवढे मोठे, सरळ ओळींत. पोटावर सपाट पट्टा.

“तुमच्या चित्रात हे असं नाही,” वडील म्हणाले.

“नाही.”

“मग?”

मी त्या पट्ट्यावरून बोट फिरवले.  वडील म्हणाले, “संग्रह तर छापून गेला. माझी फिर्याद, तुमचं चित्र. आता बोभाटा करून कुणाचं भलं होणार? तो मनुष्य शिक्षा भोगून गेला. गेलेले दिवस काही परत देता येत नाहीत.”

“आणि त्याची घागर?”

“ती न्हाणीघरात आहे. राहू दे. परत पाठवली तर चार लोक विचारतील, का पाठवली.”

मी मान हलवली आणि निघालो. दाराशी सून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले. “डोळं हायत न्हवं तुमाला?” एवढेच ती म्हणाली.

पावसाळा संपल्यावर मी गडहिंग्लजला गेलो. बाजाराचा दिवस होता. अण्णा बाजाराच्या कडेला भाता लावून भांड्यांना कल्हई करीत बसला होता. नवसागराच्या धुरात मी त्याला आधी ओळखलेच नाही. त्याने मला लगेच ओळखले.

“काय चितारी? वाट चुकलास व्हय?”

मी खाली बसलो आणि विहिरीचे सगळे सांगितले. तो हातातले पातेले कापसाच्या बोळ्याने पुसत ऐकत होता. पुसणे थांबले नाही.

“म्हंजे गावली घागर.”

“गावली.”

“मला काय नवीन सांगाय आलास? ती मी न्हेली न्हाय ह्ये मला ठावं हुतं. तुला बी ठावं हुतं. मी चावडीत तुज्या तोंडाकडं बगत हुतो, म्हनलं आता सांगतोय, मग सांगतोय. का रं न्हाई सांगिटलंस?”

“नोकरी जाईल असं वाटलं.”

“गेली असती?”

“माहीत नाही.”

“म्हंजे इचारून सुदिक बगितलं न्हाईस.” त्याने पातेले उलटे ठेवले. “बरं. आता एक काम कर. मॅजिस्टर नगं, फौजदार नगं. माज्या आळीत जा. पारावर हुबा ऱ्हा आन आट-धा तांबटांम्होरं सांग, की त्यो चोर न्हवता, मी खोटं बोललो. बास. मला तिकडं ऱ्हायला यायचं न्हाय. पर माजं नाव तिथलं हाय. बा बी तिथलाच. जाशील का?”

“जाईन.”

“बायकूला सांगू?”

“सांगा,” मी म्हणालो.

त्याची बायको मागे कोळसा फोडत बसली होती. त्याने तिला ओरडून सांगितले. तिने मला जेवूनच जा म्हणून बसवले. मी त्यांच्या हातची भाकरी खाल्ली.

परत आल्यावर मी आळीच्या तोंडापर्यंत गेलो. दुपारची वेळ होती, सगळी दुकाने ठणठणत होती. मी मनाला म्हटले, या आवाजात कुणाला ऐकू जाणार, संध्याकाळी येऊ. संध्याकाळी गेलो नाही. मग माझे लग्न ठरले. मग मास्तर निवृत्त होऊन त्यांची खुर्ची मला मिळाली आणि माझ्या हाताखालच्या लोकांना मी पोत शिकवू लागलो. दर वर्षी कारण नवे मिळत गेले. अण्णा वारल्याचे कळले तेव्हा महाराजांना जाऊनही दोन-तीन वर्षे झाली होती. त्याने वाट पाहिली असेल का? बाजारात कोल्हापूरचे माणूस भेटले की आळीत काही बोलणे झाले का, असे त्याने विचारले असेल. मी त्याच्या बायकोसमोर हो म्हणून आलो होतो.

दोन वर्षांपूर्वी मी अखेर आळीत गेलो. आता तिथे ठणठणाट फारसा नाही. अ‍ॅल्युमिनियम आणि स्टीलच्या दुकानांमध्ये तीन-चार तांबट उरले आहेत. त्यांतला सगळ्यांत म्हातारा चावडीच्या दाराशी उभ्या असलेल्यांपैकी होता, तेव्हा विशीतला. मी त्याच्या दुकानात बसून सगळे सांगितले. बाकीचेही काम थांबवून ऐकत होते.  मध्येच कुणीतरी पाणी आणून दिले, मी प्यालो आणि शेवटपर्यंत सांगितले.

“असं व्हय,” म्हातारा म्हणाला. “बरं झालं सांगिटलं. मनावरलं उतरलं तुमच्या. पर अण्णा बी न्हाय, त्येची लेक बी ऱ्हायली न्हाय, त्येच्या मागं कोन बी न्हाय. आमच्या ह्या गड्यांनी तर त्येला बगितलेला बी न्हाय.”

मग तो आतल्या कारागिराकडे वळला. तिथे एक मोठा बंब खुंट्यावर चढवला होता, कुठल्या तरी हॉटेलात शोभेला ठेवायचा. “पट्ट्यापास्नं वर चोरमठार घे,” त्याने सांगितले.

“काय घे म्हणालात?” मी विचारले.

“चोरमठार. पाच ठोकं, मग जरा जागा सोडायची. झ्याक दिसतोय. गिऱ्हाईक मागून घेतंय आताशा.”

“हे नाव कुणी दिलं?”

“कोन देतंय? आमी शिकलो तवापास्नं असंच म्हनत्यात.”

मी त्याला सांगितले की हा मठार अण्णाच्या वडिलांचा. दम्याचा माणूस होता. त्याच्या दमाची ती जागा आहे. चोर कुणीच नव्हता, आत्ताच तर मी सांगितले. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले. खरे म्हणजे तो भला माणूस होता.

“पटलं की. पर नाव आता कुटं बदलतंय, पावणं?”

“निदान माझ्यासमोर तरी म्हणू नका.”

“न्हाई म्हनत,” तो म्हणाला आणि हात धरून त्याने मला पायरी उतरवून दिली. मी रस्त्यावर चार पावले गेलो असेन, तोच आतल्या कारागिराने काहीतरी विचारले आणि म्हाताऱ्याने त्याला ओरडून उत्तर दिले. त्यात तेच नाव होते. कामाच्या गडबडीत त्याच्या तोंडून आले. त्यात राग नव्हता की कुणाची आठवण नव्हती.